पाठीवरचा बर्फ

हिवाळ्यात खिंडीतली वाट कुंझेसच्या आजोबांच्या याकांनी फोडायची आणि गावाची बाकी जनावरं मागून चालायची, अशी चांगथांगच्या उंच पठारावरल्या त्या गावाची जुनी रीत. आता त्या कळपातली एकच म्हातारी डिमो, याकाची मादी, उरली होती. तिचं हे शेवटचं वेत. वासरूही मादी. पण बाप कोण? याक असेल तर वंश चालेल. बैल असेल तर ती झोमो, संकराची मादी. भांडंभर दूध देईल, पण याकांचं घर तिच्यापाशी संपेल.

गेल्या उन्हाळ्यात कुंझेसचा गुडघा धरला, म्हणून शेजारच्या थुकजेने डिमो वरच्या कुरणात नेली. आपला बैल खालीच बांधलेला होता, असं तो शपथेवर सांगे. तिने मानलंही असतं. पण वासरू झालं त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, लांडोलने, भांड्यात लोण्याचा गोळा घालून पाठवला. न मागता.

ते लोणी चहात घालायला कुंझेसचा हात धजेना.

तेव्हापासून ती रोज वासराची शेपटी उचलून बघे. याकाच्या शेपटीला मुळापासून केस, झोमोच्या शेपटीला खालीच झुपका. हिचे केस धड इकडे ना तिकडे. हुंकार ऐकावा तर कधी याकाचा वाटे, कधी गाईचा. थुकजे कुंपणावरून तिला म्हणाला, "आचे, शेपटी बघून झाली असेल तर तोंडही बघा एकदा. माझ्यासारखं दिसतंय का?"

ती हसली नाही. हसून बोलणाऱ्याचा तर तिला जास्तच संशय.

जवाची मळणी संपली आणि पहिला बर्फ आला. त्या संध्याकाळी तिने वासराचं दावं सोडलं, गोठ्याचं दार उघडं ठेवलं.

सकाळी कुंपणापलीकडे थुकजेचा झो, संकराचा नर, भिंतीला चिकटून उभा होता. पाठीवरचा बर्फ वितळून त्याच्या पोटाखाली पाणी ठिबकत होतं. वासरू उघड्यावर आईशेजारी बसलेलं. पाठीवर वीतभर बर्फ, कोरडा, जसाच्या तसा. अंगातली ऊब त्याने अस्सल याकासारखी बाहेर जाऊच दिली नव्हती. कुंझेसने हात लावून पाहिला. मग पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूने.

दुपारी लोण्याचं ते भांडं दह्याने भरून ती शेजारी गेली.

लांडोलने झाकण उचललं, वास घेतला आणि तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं.

"न मागता? आचे, काय केलंत तुम्ही?"