रतिलालभाऊंच्या नावाचे डबे

तापीकाकू आमच्या शेजारीण. बाई हट्टी, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान रतिलालभाऊ गेले, तेव्हा रिवाजाप्रमाणे उत्तरकार्याला त्यांनी घरोघर स्टीलचा एकेक कडीचा डबा वाटला. नाव टाकायला शहाद्याहून वाहिदभाई मशीन घेऊन आले होते. ओट्यावर बसून त्यांनी प्रत्येक डब्यावर ‘कै. रतिलाल यांच्या स्मरणार्थ’ असं कोरलं. आमच्या घरात गावातल्या निम्म्या गेलेल्यांची भांडी आहेत. एकाच्या तांब्यातून पाणी पितो, दुसऱ्याच्या ताटात जेवतो, कुणाला काही वाटत नाही. एक डबा काकूंनी स्वतःकडे ठेवला होता आणि त्यात भाऊंचा चष्मा होता.

यंदा मोबाइलवर चक्रीवादळाची बातमी आली तेव्हा आम्ही पारावर बसून हसलो. समुद्र राहिला तिकडे गुजरातेत, आम्ही इकडे तापीकाठी, आमचं काय बिघडणार! दुपारी वारा सुटला आणि अंधारून आलं. थांबला तेव्हा घड लागलेल्या केळीच्या बागा एकाच दिशेला आडव्या झाल्या होत्या. विजेचे खांब वाकले, पिठाची चक्की बंद पडली. भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत, एकाही घरावर छप्पर उरलं नाही. काकूंचे पत्रे उडाले आणि मागची भिंत स्वयंपाकघरावर कोसळली. त्या ओसरीत होत्या म्हणून वाचल्या.

भाऊंचा फोटो गेला, कपड्यांची पेटी गेली. काकू त्यासाठी रडल्या नाहीत. त्यांना तो डबा हवा होता. ढिगाऱ्यात मिळाला नाही म्हणून घरामागच्या पडलेल्या केळींमधून वाकून वाकून शोधत होत्या. मी सांगितलं, काकू, पाय मोडून घ्याल. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

सुरतेहून मुलगी दिपाली आणि जावई ललित गाडी घेऊन आले. दिपाली म्हणाली, “माय, चाल मन्हासंगे सुरतले. आठे काय ऱ्हायनं आते?”

“डबा सापडू दे, मंग येसू,” काकू म्हणाल्या.

मला दिपालीचं पटत होतं. म्हातारीला डोक्यावर छप्पर नाही, आणि इथे आम्हीच आपापल्या पडझडीत अडकलेले. पण काकू निघून गेल्या तर शेजारचा उंबरा कायमचा बंद होणार, याचं मला वाईटही वाटत होतं.

त्या दिवसांत ज्यांच्या चुली शाबूत होत्या त्यांच्याकडून काकूंना जेवण येऊ लागलं. कुणी खिचडी दिली, कुणी भाकरी-ठेचा. भिला काकूंच्या शेतात कामाला असतो. स्वतःचं छप्पर गेलेलं असताना तोही डाळ घेऊन आला. सांडू नये म्हणून प्रत्येकाने घट्ट झाकणाचा डबा काढला होता. अख्ख्या गावात घरोघर तसला डबा एकच, भाऊंच्या नावाचा. काकूंनी भिलाच्या डब्यावरचं नाव वाचलं, पदराने पुसलं आणि मग त्या रडल्या.

डबा सापडला नाही तरी दिपालीने काकूंना न्यायचा दिवस ठरवला. त्या दिवशी तिने सगळे डबे घासले, ओसरीत पालथे घातले आणि घरोघर परत द्यायला उचलले. काकूंनी तिचा हात धरला.

“रिकामा डबा देशी का कोनले?”

दिपालीने डबे खाली ठेवले. दुसऱ्याच्या घरातून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला लहानपणी काकूंनीच शिकवलं होतं. भरायचं म्हटलं तर चूल हवी, चुलीवर आडोसा हवा. ललितने डोक्याला हात लावला. शेवटी तो आणि भिला दोघांनी मिळून वाकलेले पत्रे ठोकून सरळ केले आणि ओसरीवर टाकले. तीन दगडांची चूल मांडली गेली. दिपाली सुरतेला गेली ती आईला न घेताच, नवऱ्याबरोबर.

रोज थोडी लापशी शिजायची आणि एकेक डबा आपापल्या घरी जायचा. आमचा डबा काकू स्वतः घेऊन आल्या. चष्म्याचा डबा तोवर सापडला नव्हता, आणि आजही सापडलेला नाही. माझ्या बायकोने लापशी काढून घेतली, डबा धुतला, मूठभर शेंगदाणे घातले आणि तो त्यांच्या हातात ठेवला. म्हणाली, “काकू, हाऊ तुमीच ठेवा. आठवण म्हनीसन.”

काकूंनी शेंगदाणे पदरात ओतून घेतले आणि डबा आमच्या फळीवर परत ठेवला.

“त्यास्ले तुम्हना घरमाच ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “मी शे ना शेजारे.”