माझ्याच लग्नाचा मांडव

हळद लागलेल्या नवरीने कशालाही हात लावायचा नाही, असा आत्याचा हुकूम होता. त्यामुळे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी ओट्यावर पाटावर बसून होते आणि समोर अंगणात काका माझ्या मांडवाची वाट लावत होते.

आमचं गाव धसईपासून तासाभराच्या चालीवर. वडिलांनी दोन दिवस खपून मांडव उभा केला होता. वेळूचे खांब, वर जांभळीच्या फांद्या, पुढच्या बाजूला आंब्याचे डहाळे. गार, दाट, हिरवा. तेवढ्यात काका कल्याणहून आले. ते तिथे एका छापखान्यात कामाला होते. काखेत पतंगी कागदांचं हे एवढं भेंडोळं, लाल, जांभळं, हिरवं.

"दादा, हे काय जंगल केलंस? वऱ्हाड येणार का गुरं येणार?"

वडील म्हणाले, "मांडवाला पाला नाय तर काय बांधायचं?"

"कल्याणला येऊन बघ एकदा. पाला कोण बांधतो आता?"

वडिलांचं या धाकट्या भावापुढे कधीच काही चालत नसे. काका शहरात राहतात, त्यांना चार गोष्टी जास्त कळतात, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं होतं. काकांनी सगळा पाला उतरवून गोठ्याशेजारी टाकला. वर छत पाहिजे म्हणून शेजारपाजारची धुतलेली पांढरी धोतरं मागून आणली, ती ताणून बांधली आणि खाली कागदाच्या माळा चिकटवायला घेतल्या. आमच्याच चुलीवर शिजवलेली तांदळाच्या पिठाची खळ, तीही पातेलंभर.

मला राहवेना. म्हटलं, "काका, पहाटे दव पडतं. कागद भिजेल."

"नवरीनं बोलायचं नसतं," काका खाली न बघताच म्हणाले.

आत्याने माझा खांदा दाबला.

पहाटे दव पडलं. फाल्गुनातलं आमच्याकडचं दव म्हणजे पानापानांतून टपटप गळतं. मी उठून बाहेर आले तर माळा ओल्या चिंध्यांसारख्या लोंबत होत्या आणि वरच्या धोतरांवर लाल-जांभळे ओघळ पसरले होते. गोठ्याशेजारचा पाला शेळ्यांनी फस्त केला होता. नुसत्या काड्या उरल्या होत्या.

शेजारचे एक गृहस्थ आपलं धोतर न्यायला आले. चांगलं असं ते एकच होतं त्यांच्याकडे. त्यांनी मान वर करून बघितलं.

"मी आता लग्नाला काय नेसून येऊ?"

"लग्नच हाय ना," काका म्हणाले, "जरा गुलाबी झालं तर काय बिघडलं?"

वडिलांनी आतून स्वतःचं ठेवणीतलं धोतर आणून त्या गृहस्थांना दिलं. मग दोघे भाऊ अंगणात उभं राहून भांडू लागले. पाला कोणी काढला, कोणी काढू दिला, कागद कोणी मागवला होता, आणि त्यातून गाडी आजोबांच्या काळातल्या कुठल्या तरी बांधावर गेली. ऊन चढत होतं. शहापूरकडून निघालेलं वऱ्हाड दुपारपर्यंत पोचणार होतं. आणि मी, जिचं लग्न, ती पाटावर.

मी उठले.

"कुठं निघालीस गो? हळदीच्या अंगानं घराबाहेर जायचं नाय!" आत्या ओरडली.

"मांडव घरातच धरतात ना? मग मी घरातच हाय."

शेजारच्या दोन मैत्रिणींना मागच्या आंब्याचे डहाळे तोडायला पाठवलं. बैलगाडी ओढून मांडवाखाली लावायला सांगितली, चाकांना दगड लावले आणि पदर खोचून गाडीवर चढले. आधी ती धोतरं आणि माळा खाली ओढल्या, मग डहाळे बांधायला घेतले. घामाने हळद डोळ्यांत उतरत होती. हिरवा चुडा दर गाठीत अडकत होता. जिथे हात लावीन तिथे पिवळं. खाली दोघांचं भांडण चालूच होतं. शेवटी आत्याने दोघांनाही घरात पिटाळलं, पण मलाही खाली उतर म्हणत राहिली.

थोड्या वेळाने बघते तर एक म्हातारे गृहस्थ गाडीशेजारी उभे. हातात छत्री, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. काकांच्या ओळखीचे कोणी तरी लवकर आलेले पाहुणे असतील, असं मला वाटलं. आणि काकांचे पाहुणे म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो बाबा, नुसतं बघता काय? ती काथ्याची दोरी द्या वर."

त्यांनी छत्री खाली ठेवून दोरी दिली.

"आता ही फांदी धरा. तशी नाय, पानं खाली येऊ द्या."

"अशी?"

"हां. तुमच्या गावाला मांडव बांधत नाय का?"

"बांधतात की," ते म्हणाले, "पण नवरी नाय बांधत."

"इथंही नवरी बांधत नाय. इथं काका बांधतो. म्हणून तर ही गत!"

तेवढ्यात वडील बाहेर आले, जागीच थबकले आणि त्यांनी हात जोडले. "व्याही, तुमी? कधी आलात?"

गाड्या मागून येत होत्या. हे पायवाटेने एकटेच पुढे आले होते, उतरायची सोय बघायला. सुपारी फुटली त्या दिवशी मी मान खाली घालून बसले होते. सासऱ्यांचे फक्त पाय बघितले होते, आणि आज पायांवर धूळ होती. आता मी काय करायचं? खाली उडी मारावी तर हातातली फांदी त्यांच्याच डोक्यावर पडणार. मी आधी गाठ मारली, मग उतरून घरात पळाले आणि कोपऱ्यात बसून रडले. आत्या डोक्यावर हात मारून घेत होती. लग्न मोडतं की काय, ही एकच धास्ती.

बाहेर वडील त्यांना बसायचा आग्रह करत होते. ते बसले नाहीत. उरलेल्या फांद्या त्यांनी माझ्या मैत्रिणींबरोबर बांधून घेतल्या आणि मगच पाणी मागितलं.

लग्न वेळेवर लागलं. मांडव एका बाजूला जरा झुकला होता, पण भरगच्च दिसत होता. वऱ्हाडातल्या बायकांनी विचारलं, "मांडव छान झालाय, कोणी केला?" काका पुढे होऊन म्हणाले, "घरचंच काम आमचं." मी मुंडावळ्यांआडून बघत राहिले. लग्नाच्या बोहल्यावरून ओरडता येत नाही, एवढं मला कळत होतं.

सासऱ्यांनी मला त्या दिवसाबद्दल कधी शब्दाने बोल लावला नाही. मात्र घरात चार माणसं जमली की ती हकिकत ते रंगवून सांगायचे, आणि दर खेपेला तीत भर पडायची. पुढे पुढे तर मी त्यांना मूर्ख म्हटलं होतं, असंही सांगू लागले. मी आतून, दारामागून ओरडायची, "मामंजी, मी असं कधी म्हटलं नव्हतं!"

ते समोरच्यांना म्हणायचे, "बघा, अजून बोलते."