कर्नल राजूरकरांची हरलेली लढाई

श्रीरंग राजूरकर व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी एका कंपनीत इंजिनिअर होते आणि उरलेल्या वेळात अमेरिकेचं यादवी युद्ध लढत होते. ते युद्ध संपून सव्वाशे वर्षं होत आली होती, पण राजूरकरांना त्याचं काही नव्हतं. शनिवारी कुठल्यातरी रणांगणावरच्या गवतात उभं राहून, हरलेल्या दक्षिणेच्या सैन्यानं डावीकडून जायला हवं होतं की उजवीकडून, याचा ते निकाल लावत. त्यांची बायको वसुधा थर्मास घेऊन गाडीत बसायची आणि म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्या असतील तर ग्रोसरी करायचीय."

मराठी माणसाला जिंकलेल्या लढाईपेक्षा हरलेली अधिक प्रिय. पानिपतावर वाद घालत लहानाचे मोठे झालेले राजूरकर व्हर्जिनियात आले आणि 'सेनापतीनं ऐकलं असतं तर' म्हणून उसासे टाकणारी जमात त्यांना इथेही भेटली. झालं, सोयरीक जमली. गावच्या इतिहास मंडळात ते एकटेच सावळे सभासद. ऑफिसात त्यांचं नाव उच्चारताना लोकांची दमछाक व्हायची. मंडळात सगळे 'कर्नल' म्हणायचे. एवढ्या एका शब्दासाठी माणूस वाटेल ते खरं मानतो. युद्ध गुलामगिरीवरून झालंच नाही, राज्यांच्या हक्कांवरून आणि जकातीवरून झालं, हे मंडळाचं मत त्यांनी तीर्थासारखं ओंजळीत घेतलं.

शहाऐंशीच्या वसंतात मंडळाच्या वार्षिक जेवणात त्यांचं भाषण ठरलं. भाषणानंतर त्यांना उपाध्यक्ष करायचं, असं अध्यक्ष हॉर्टननी खासगीत सांगून टाकलं होतं. हे हॉर्टन निवृत्त दंतवैद्य. लोकांचे दात उपटून झाल्यावर इतिहासाकडे वळलेले. राजूरकरांना ते पद हवं होतं. अगदी लाज सोडून हवं होतं. नवा सूटही शिवून झाला होता.

आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तालीम चालली होती. त्यांची मुलगी रुपाली कॉलेजातून सुट्टीला आली होती आणि नेमका इतिहासच शिकत होती.

"बाबा, कमॉन. हिस्टॉरियन्स हे केव्हाच सोडून बसलेत," ती म्हणाली. "मिसिसिपी स्टेटनं युनियन सोडताना स्वतः लिहून दिलंय, स्लेव्हरीसाठी जातोय म्हणून. बाकीची रीझन्स हरल्यावर सुचली."

"हिस्टॉरियन्सचं काय, दर वीस वर्षांनी मत बदलतात," असं म्हणून राजूरकरांनी पुढचं वाक्य वाचलं: मालक गुलामांना घरच्यासारखं वागवायचे, म्हातारपणी सांभाळायचे.

वसुधा कणीक मळत होती. तिचा हात थांबला.

"अहो, हे तर मामंजींचं वाक्य," ती म्हणाली. "विष्णूबद्दलचं."

विष्णू हा राजूरकरांच्या गावाकडचा सालगडी. वीस-पंचवीस वर्षं त्यानं त्यांची शेती ओढली.

"विष्णूचा इथे काय संबंध? तो घरातलाच होता."

"घरातला? त्याची कपबशी गोठ्याच्या कोनाड्यात असायची. मी नवी नवरी, मला सासूबाईंनी पहिल्याच दिवशी शिकवलं, चहा वरून ओतायचा, कपाला किटली लागता कामा नये. आणि मी ओतला, वर्षभर. तुम्ही समोर पेपर वाचत बसायचात."

"गुलाम आणि सालगडी एक नव्हेत," राजूरकर म्हणाले.

"नव्हेत ना. वाक्य मात्र एकच आहे."

यावर राजूरकरांनी पानिपतही काढून पाहिलं, पण ते काही उपयोगी पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणात भाषण झकास चाललं. मग ते वाक्य आलं. राजूरकर अडखळले. उपाध्यक्षपद टेबलाच्या पलीकडे पुडिंगच्या शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी कागद खाली ठेवला आणि कपबशीची हकिकत सांगितली. आमच्याकडेही गाव असंच दुभंगलेलं होतं, म्हणाले, आणि आम्हीही त्याला कौटुंबिक प्रेम म्हणायचो. तेव्हा तुमचे आजोबा काय म्हणत असतील ते मला नीट कळतं. तुमचा देश तुटला तो जकातीवरून नव्हे.

चमचे थांबले. हॉर्टन मात्र भला माणूस, कर्नलला सावरायला धावले. "पण तुमचं त्याच्यावर प्रेम होतंच की. काय नाव त्याचं?"

"विष्णू."

"विष्णू काय?"

राजूरकरांनी वसुधाकडे पाहिलं. वसुधानं ताटलीकडे पाहिलं. दोघांनाही ठाऊक नव्हतं. राजूरकरांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

उपाध्यक्षपद दुसऱ्याच कुणाला गेलं, हे सांगायला नकोच. त्याचं दुःख त्यांना झालं, पण ते फार टिकलं नाही. दुसरं एक आत सलत राहिलं. रविवारी त्यांनी गावाकडे ट्रंक कॉल लावला. थोरले भाऊ पुरुषोत्तम फोनवर आले. खरखरीतून राजूरकर ओरडले, "दादा, आपल्या विष्णूचं आडनाव काय होतं?"

पलीकडून दादा तितक्याच मोठ्यानं, तितक्याच मायेनं ओरडले, "काय की बुवा. घरातल्या माणसाला कशाला लागतंय आडनाव?"