पाय न टेकवायची गाडी

शेजारचे वसंतराव दोन वर्षं एका गंजलेल्या गाडीच्या मागे लागले होते. पुढे एक आणि मागे दोन, फुग्यासारखी टम्म चाकं असलेली, माळरानात पळवायची जुनी तीनचाकी. काल ती दुरुस्तीनंतर पहिल्यांदा माळावर उतरली.

"वळताना पाय खाली टाकू नका," त्यांच्या बायकोने, सुमनताईंनी, तिसऱ्यांदा बजावलं.

मोटारसायकल चालवणाऱ्याचा पाय गाडी कलली की आपोआप जमिनीकडे जातो. या गाडीवर मात्र टेकवलेल्या पायावर मागचं चाक चढतं. तरुणपणी वसंतरावांचा डावा पाय याच गाडीखाली असाच मोडला होता. तरी तीच गाडी दुरुस्त करायचा हट्ट! मला तर रागच आला होता.

टेकाडाजवळ ते उजवीकडे वळले. आतल्या बाजूचं चाक जमीन सोडून वर आलं. सुमनताईंनी माझा दंड घट्ट धरला. वसंतरावांचा डावा पाय सुटला, हवेत लोंबला.

तोल जाताना माणूस जमीनच शोधणार, दुसरं काय शोधणार? कलत्या गाडीवर तसंच बसून राहायचं, हे अंगाला शिकवायचं तरी कसं?

पाय परत जागेवर गेला. चाक धप्पकन खाली आलं. वसंतराव हसत आमच्याकडे वळले.

"झालं बरं का, सुमनताई," मी म्हणालो.

त्यांनी माझा दंड सोडला नाही. मी खाली पाहिलं. सुमनताईंचा स्वतःचा डावा पाय जमिनीपासून चार बोटं वर होता, आणि तो टेकवायला त्या अजून तयार नव्हत्या.