कुटलरांची घरं किती?

एर्लेनवायर गावात आपोलोनिया फोग्ट दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होती. एक म्हणजे टाइपरायटरवर पळणारी तिची बोटं आणि दुसरी तिची मान. ही मान इतकी ताठ, की चर्चमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसलं तर पाद्री दिसायचाच नाही. दिसायचा तो लोनीबाईंचा अंबाडा. घरातले तिला लोनी म्हणायचे, गाव फोग्टबाई म्हणायचं, आणि फोग्टबाई म्हटलं की बाईसाहेब मनातून सुखावायच्या.

का नाही सुखावणार? फोग्ट म्हणजे जुन्या काळचा सरदाराचा कारभारी. सारा गोळा करणारा, दंड ठोकणारा, ज्याच्यापुढे गावाच्या टोप्या उतरायच्या असा माणूस. आता लोनीचा नवरा ऑइगेन फोग्ट घड्याळं दुरुस्त करायचा. दंड राहू द्या, दुकानात झोपलेल्या मांजरालासुद्धा तो कधी उठवायचा नाही. पण नाव कारभाऱ्याचं होतं आणि लोनीला तेवढं पुरे होतं. लग्नाच्या दिवशी तिनं रजिस्टरात पहिल्यांदा नवं आडनाव लिहिलं, तेव्हा शेवटच्या अक्षराला अशी शेपटी काढली की खालच्या जोडप्याला सही करायला जागाच उरली नाही.

कारण तिचं माहेरचं आडनाव होतं कुटलर.

जनावर कापल्यावर चांगलं मांस खाटीक घेतो. उरतं ते पोट, आतडी, कोथळा. ते सगळं ओढ्यावर न्यायचं, रिकामं करायचं, सात पाण्यांनी धुवायचं, चुना लावून खरवडायचं आणि शिजवून गरिबाला विकायचं, हे ज्याचं काम तो कुटलर. त्याची जागाही ठरलेली, गावातल्या शेवटच्या विहिरीच्याही खाली, खालच्या पुलाशी. त्याची घाण वर कुणाच्या पाण्यात जायला नको ना!

बरं, लोनीच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी आतडं धुतलेलं नव्हतं. तिचा बाप रेल्वेत सांधेवाला होता. त्याच्या हाताला वास यायचा तो वंगणाचा. पण हे पोरांना कोण सांगणार? पहिलीच्या वर्गात बाईंनी हजेरी घेतली, "कुटलर, आपोलोनिया," आणि अख्ख्या वर्गानं दोन बोटांनी नाकं धरली. शेजारच्या पोरीनं तर बाकावर टुणकन उडी मारून जागा बदलली. त्या दिवशी लोनीनं घरी येऊन हात इतके घासले की आईनं साबण लपवून ठेवला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. आता बावन्न वर्षांची झाली होती, आणि सरकारी अर्जात 'जन्माचं आडनाव' हा रकाना आला की तिचं अक्षर अजूनही मुंगीएवढं व्हायचं.

आणि गंमत ऐका. या बाईला आतड्यांची आंबट रस्सा-भाजी जीव की प्राण! तिचा थोरला भाऊ वेंडेलिन कुटलर अजून खालच्या पुलाजवळच्या गल्लीत, बापाच्याच घरात राहायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला, लग्न न केलेला, कमी बोलणारा. दर गुरुवारी तो खाटकाकडून पोट आणायचा, बारीक पट्ट्या कापायचा, व्हिनेगर, तमालपत्र, वाइनचा एक घोट घालून शिजवायचा, वर खरपूस बटाटे. लोनी दर गुरुवारी जायची. पण जायची कशी, तर मागच्या दारानं, कोंबड्यांच्या खुराड्याजवळून, डोक्याला रुमाल बांधून. दोन ताटल्या चापायची आणि तोंड पुसून पुन्हा फोग्टबाई होऊन बाहेर पडायची.

"पुढचं दार काय चावतं का तुला?" वेंडेलिन कधीतरी म्हणायचा.

"मागून जवळ पडतं, दादा."

जवळ कसलं पडतंय! चांगला वळसा पडायचा. दादाला ते माहीत होतं, पण तो फक्त आणखी एक पळी वाढायचा.

तर त्रेसष्ट साली गावाला सातशे वर्षं झाली. उत्सव करायचा ठरला आणि उत्सवाची सूत्रं गेली लोरेंझन मास्तरांकडे. हे मास्तर पार उत्तरेकडून, समुद्राकाठून आलेले. गावात येऊन चारच वर्षं झालेली, त्यामुळे गावाबद्दल गावापेक्षा जास्त माहिती. त्यांना आडनावांचं भारी वेड. त्यांनी मिरवणुकीची अशी टूम काढली की ज्याच्या आडनावात जुना धंदा आहे, त्यानं त्या धंद्याच्या वेशात, त्या धंद्याची हत्यारं घेऊन चालायचं. चर्चच्या जुन्या वह्या काढून ते प्रत्येक नावाचं मूळ शोधायचे, आता त्या नावाची घरं किती ते मोजायचे, आणि दर शनिवारी गावच्या पेपरात छापायचे. उत्सवाच्या कचेरीत बसून टाइप कोण करून देणार? लोनीबाई.

बाईंना मजा यायला लागली होती. म्युलर म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, घरं सतरा, गिरणी एकाकडेही नाही. श्मिड म्हणजे लोहार, घरं अकरा, त्यातला एक दातांचा डॉक्टर. पक्कड तेवढी सुटली नाही, असं लोनी म्हणाली आणि मास्तर खो खो हसले. श्नायडर म्हणजे शिंपी, घरं नऊ, आणि त्यातल्या थोरल्या श्नायडरीणबाईंना साधं बटण लावता येत नाही. फोग्ट, घर एक. त्यांच्यासाठी मखमली टोप्या, मखमली झगा, चांदीच्या मुठीची काठी. लोनीनं झगा तीनदा घालून बघितला होता. तिसऱ्यांदा नुसताच, आरशापुढे, उगीच.

एका सकाळी मास्तर नाचतच आले.

"फोग्टबाई, हिरा सापडला हिरा! चौदाशे नव्वद सालची नोंद. 'हान्स कुटलर, खालच्या पुलाशी आतडी धुतो.' आमच्या उत्तरेकडे हे नाव औषधालाही मिळायचं नाही. तुमच्या दक्षिणेतच असतं. आता मला सांगा, गावात कुटलर आहेत का अजून?"

लोनीची बोटं टाइपरायटरवर थबकली.

"नाहीत," ती म्हणाली. "संपले ते."

"अरेरे! एकही घर नाही?"

"नाही."

आणि तिनं स्वतःच्या बोटांनी टाइप केलं, कुटलर, घरं शून्य. शून्य उमटताना खाडकन आवाज झाला. तिला वाटलं, रस्त्यावर ऐकू गेला असेल.

त्याच आठवड्यात गुरुवारी, ताटल्या उचलताना, वेंडेलिननं फडताळातून एक कागद काढला. मिरवणुकीचा छापील अर्ज. रविवारी चर्चला जाताना नवा कोट घालावा तसा जपून त्यानं तो भरला होता. आडनाव कुटलर, धंदा आतडी धुणे, सोबत आणणार पणजोबांचं लाकडी घंगाळ. 'किती जण चालणार' या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, 'दोघं. मी आणि बहीण. घंगाळाला दोन कान आहेत.'

"तू त्यांच्या कचेरीत असतेसच," तो म्हणाला. "देशील ना?"

"देते की."

"फोग्टीण म्हणूनही चालायचं असेल तुला. पण मग अर्धा रस्ता तिकडे, अर्धा इकडे. जमव."

असं कधी जमतं का, वेड्या! पण त्याचा चेहरा असा काही उजळला होता की लोनीच्यानं बोलवेना. अर्ज तिनं पर्समध्ये टाकला. पर्समधून तो गेला स्वयंपाकघरात, पाककृतींच्या वहीत, केकच्या पानांमध्ये. ऑइगेननं विचारलंसुद्धा, "वेंडेलिन येतोय ना मिरवणुकीत?"

"त्याला कुठे असल्यात रस?" लोनी म्हणाली.

शनिवारी पेपरात शून्य छापून आलं, तेव्हा तिला वाटलं होतं आता बोंब होणार. जुन्या लोकांना ती कुणाची लेक हे काय माहीत नव्हतं? पण कुणी काही बोललं नाही. फक्त खाटकाच्या बायकोनं पेपरातच सॉसेज बांधून दिलं आणि ते पान नेमकं वर ठेवलं. वेंडेलिनच्या घरी पेपर येत नव्हता.

उत्सवाचा दिवस उजाडला. सकाळी दहाला सगळे चर्चपुढच्या चौकात जमले. पिठानं माखलेले म्युलर, ऐरण ढकलणारे श्मिड, हातभर कात्री घेतलेले श्नायडर. लोनी मखमलीत उभी, मान अगदी शिखरावर. आणि चौकाच्या कोपऱ्यातून वेंडेलिन आला. पांढराशुभ्र एप्रन, इस्त्रीची घडी दिसणारा. पणजोबांचं घंगाळ त्यानं घासून लोण्यासारखं पिवळं केलं होतं आणि आत पहाटेपासून धुतलेलं पोट ठेवलं होतं. दोन कानांचं घंगाळ एकट्यानं आणायचं, म्हणून बिचारा ते पोटाशी धरून, मागे वाकून चालत होता.

मास्तरांचा मदतनीस पोस्टमन यादी घेऊन पुढे झाला. "नाव?"

"कुटलर."

पोस्टमननं यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. "इथे नाही बुवा."

"बघा नीट. अर्ज दिलाय."

"कुणाकडे दिला होता?"

वेंडेलिननं मान वर केली. दहा पावलांवर लोनी होती. तिच्या टोपीचं पीस हललं, ती नाही हलली. तोंड उघडायचं होतं फक्त. 'माझ्याकडे दिला होता' एवढंच म्हणायचं होतं. ती बुटाच्या बकलाकडे बघत राहिली, जणू त्या बकलावर काही छापलेलं होतं.

"पोस्टात टाकला होता," वेंडेलिन म्हणाला. "हरवला असेल."

"पोस्टात? माझ्या पोस्टात काही हरवत नाही!" पोस्टमन फणकारला.

"मग माझ्याच हातून राहिलं असेल," असं म्हणून त्यानं घंगाळ पुन्हा पोटाशी घेतलं आणि निघून गेला.

बँड वाजला. मिरवणूक निघाली. रस्ता असा आखलेला की खालच्या पुलावरून दोनदा जायचं, एकदा जाताना, एकदा येताना. पहिल्यांदा पुलावर आले तेव्हा खाली, ओढ्याच्या त्या सपाट दगडावर, वेंडेलिन गुडघे टेकून बसला होता. यादीत नाही तर नाही, तो आपल्या जागी जाऊन पोट धुवत होता. आठव्या पाण्यानं. पुलावर पोरांची झुंबड, आणि त्यांनी काय करावं? दोन बोटांनी नाकं धरली. कुणी शिकवलं त्यांना देव जाणे. लोनीच्या वर्गातली पोरं तर आता आजोबा झाली होती.

वेंडेलिननं वर पाहिलं. मखमलीतली बहीण दिसली. त्यानं ओल्या हातानं डोक्यावरची टोपी काढली आणि मान लववली. कारभाऱ्याच्या बायकोपुढे कुटलरानं लववावी तशी. चेष्टा होती की काय होतं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. लोक हसले, टाळ्या वाजल्या, ऑइगेननंही खुशीत काठी वर केली.

लोनीच्या कानशिलापासून मानेपर्यंत असं काही चढत गेलं की मखमलीचा गळा आवळायला लागला. सहा वर्षांची असताना जे झालं होतं त्यापेक्षा हे फार वाईट होतं. तेव्हा निदान तिनं स्वतः काही केलेलं नव्हतं.

येताना मिरवणूक पुलावर पोचली तेव्हा तिनं ठरवलं होतं, खाली उतरायचं. पण दगड रिकामा होता. ओला, आणि रिकामा.

"धर," म्हणून तिनं आपली टोपी ऑइगेनच्या हातात कोंबली आणि झगा दोन्ही हातांनी उचलून गल्लीत शिरली. भर दुपारी. दारादारांत बायका उभ्या होत्या. ती पुढच्या दारापाशी गेली. लग्नानंतर ते दार तिनं कधी उघडलंच नव्हतं, आणि नेमकी कडी घट्ट बसलेली. तिला चांगल्या तीन धडका द्याव्या लागल्या. गल्लीनं मोजल्या.

आत भाजी शिजत होती.

"दार तोडशील," वेंडेलिन म्हणाला. पळी ढवळत राहिला.

"दादा, तो अर्ज..."

"मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"घेतलास तेव्हापासून. तू तो वाचून घडी घातलीस. चार घड्या. जो कागद द्यायचा असतो त्याला माणूस चार घड्या घालत नाही."

"मग चौकात पोस्टाचं नाव का घेतलंस? सांगायचं होतंस ना सगळ्यांसमोर!"

"तू घातलेली ती टोपी," तो म्हणाला. "छान दिसत होती तुला."

लोनी स्टुलावर बसली आणि मखमलीच्या बाहीनं नाक पुसलं. मखमल भाड्याची होती. तिला म्हणायचं होतं, चुकले. आला तो नुसता हुंदका, आणि त्यात तमालपत्राच्या वाफेनं ठसका.

एवढ्यात उघड्या दारातून मास्तर आले, धापा टाकत, हातात वही. मागे ऑइगेन, दोन टोप्या आणि एक काठी सांभाळत.

"हेच ना ते? पुलाखालचे? कुटलर?" मास्तरांचे डोळे चमकत होते. "अहो, मी तुमच्या घराण्याला पेपरात मारून टाकलं! क्षमा करा. सुधारून छापतो. किती जण आहात? तुम्ही एकटेच उरलात?"

वेंडेलिननं बहिणीकडे बघितलंच नाही. पातेल्यात बघत म्हणाला, "एकटाच."

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. दादानं दार उघडं ठेवलं होतं, मागचं. लोनीला ते दिसलं, आणि तिला स्वतःची अशी किळस आली की ती उठून उभीच राहिली.

"दोघं," ती म्हणाली. "लिहा, मास्तर. दोघं."

"दुसरं कोण?"

"मी. माहेरची कुटलर. यांची सख्खी बहीण. घरं शून्य हे मी खोटं सांगितलं. यांचा अर्ज माझ्या केकच्या वहीत आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "पण फोग्टबाई... तुम्ही स्वतः टाइप केलं होतंत."

"हो ना. एकही चूक न करता."

ऑइगेननं टोप्या खुंटीला अडकवल्या आणि विचारलं, "सगळ्यांना पुरेल का?"

वेंडेलिननं ताटल्या मोजून काढल्या. चार होत्या, एकीला टवका गेलेला. टवक्याची त्यानं लोनीपुढे ठेवली, लहानपणी ठेवायचा तशी, आणि पळी भरून वाढली. ती खाली मान घालून खात राहिली. भाजी नेहमीसारखीच झाली होती. तिला ती दुसऱ्यांदा मागायचा धीर झाला नाही.

पुढच्या शनिवारी पेपरात आलं, कुटलर, घर एक, माणसं दोन, आणि खाली दोघांची नावं. तिचं पूर्ण, माहेरच्या आडनावासकट, इतरांएवढ्याच अक्षरात. टाइप तिनंच केलं होतं. त्यानंतरच्या गुरुवारी पोट आणायला ती स्वतः खाटकाकडे गेली. दुकानात सात बायका होत्या. खाटकाच्या बायकोनं वजन केलं, कागदात बांधलं आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "कुणासाठी हे, फोग्टबाई?"

"आमच्यासाठी," लोनी म्हणाली. कान लाल झाले होते, आणि मानही आज काही फारशी ताठ नव्हती. पुडकं तिनं पिशवीत घातलं नाही. हातातच धरून, गल्लीतून, दादाच्या पुढच्या दारानं आत गेली.