अपवादांची वही

यामिनी शेडगेची आणि माझी ओळख झाली तेव्हा ती माझ्या बुटांवरून कापडाची पट्टी फिरवत होती. २०१७ सालची गोष्ट. ऑफिसच्या कामासाठी मला महिन्यातून एकदा कॅनबेराहून मेलबर्नला जावं लागे. विमानतळावर आपली बॅग यंत्रातून बाहेर आली की पुढे एक टेबल असतं. तिथला कर्मचारी एखाद्या प्रवाशाला बाजूला घेतो, एक छापील कार्ड वाचायला देतो आणि कपड्यांवरून, बॅगेवरून पट्टी फिरवून ती दुसऱ्या यंत्रात घालतो. स्फोटकाचा अंश सापडला तर ते यंत्र वाजतं. तिच्या छातीवरचं नाव वाचून मी मराठीत म्हणालो, "आपल्याच माणसाला पकडलंत होय?"

"पकडलं नाही, काका. आधीच्या बाईंचं झालं तेव्हा तुम्ही समोर आलात," ती म्हणाली. "आता दुसरा पाय."

हाच तिचा नियम होता. एकाची तपासणी संपली की त्या क्षणी समोर जो येईल तो पुढचा. दाढीवाला असो, पाळणा ढकलणारी आई असो, मंत्री असो. चेहरा बघून निवडायचं नाही. हा नियम तिला ट्रेनिंगमध्ये शिकवला होता, पण ती तो पाळायची ते तिला तो पटला होता म्हणून. पुढच्या दोन वर्षांत तिने मला तीन वेळा तपासलं. आमच्या मंडळाचे सेक्रेटरी पद्माकर यांना पाच वेळा. त्यांनी दिवाळीच्या फराळाला तिला सगळ्यांदेखत विचारलं, "यामिनी, मी काय अतिरेकी दिसतो?"

"दिसण्याचा प्रश्नच नाही, काका. तुमचं टायमिंग वाईट आहे."

ती आमच्यापासून दोनच गल्ल्या सोडून, आमच्याच गुंगालिन उपनगरात राहत होती हे त्या फराळाच्या वेळी कळलं. नवरा हृषिकेश आयटीत कॉन्ट्रॅक्टवर, मुलगी ऋतिका तेव्हा पाच वर्षांची. माझी बायको लीना आणि यामिनी संध्याकाळी बरोबर चालायला जाऊ लागल्या, आणि तिची बाकीची गोष्ट मला लीनाकडून तुकड्यातुकड्याने समजली.

यामिनी मूळची साताऱ्याची. राज्यशास्त्रात बी.ए. करून १३ जानेवारी २००९ला ती सिडनीत उतरली आणि तिथल्या टूनगॅबी उपनगरात चार मुलींबरोबर एका घरात राहू लागली. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी, बराक ओबामांनी, ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. दहशतवादाशी लढताना आपली तत्त्वं आणि आपली सुरक्षितता यांपैकी एकच निवडावं लागतं हे खोटं आहे, असं ते म्हणत होते. बाकीच्या मुली स्वयंपाकाची पाळी कुणाची यावर वाद घालत होत्या आणि ही टीव्हीसमोर उभी होती, हातात पोळपाट. तिने ठरवलं, मास्टर्सचा प्रबंध यावरच लिहायचा.

वर्ष उलटलं, तुरुंग चालूच राहिला. यामिनीचंही काही वेगळं झालं नाही. राज्यशास्त्रावर पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळत नाही हे कळायला तिला दीड वर्ष लागलं. मग तिने प्रबंध अर्धवट सोडला, पीआर मिळेल असा कोर्स केला, लग्न झालं, कॅनबेराला आली, आणि विमानतळावर नोकरी धरली. कागदांचं खोकं मात्र प्रत्येक घरात बरोबर नेलं.

मार्च २०२०मध्ये विमानं बंद पडली आणि यामिनी घरी बसली. तिसऱ्या आठवड्यात तिने खोकं उघडलं. इथल्या युनिव्हर्सिटीने तिला पुन्हा प्रवेश दिला, जुनं काम धरून. पण अट स्पष्ट होती. एकदा मुदतवाढ मिळेल, ती मिळाल्यावरही प्रबंध झाला नाही तर नाव कायमचं कमी होईल. ऑगस्ट २०२१ उजाडेपर्यंत तिची मुदतवाढ वापरून झाली होती आणि सप्टेंबरच्या दहा तारखेला सादरीकरण ठरलं होतं.

याच सुमारास मी कामाला लागलो. तळटीपा तपासणं हे काम कुणाला आवडत नाही, मला आवडतं. एकशे त्रेचाळीस तळटीपा होत्या. ऑगस्टमध्ये इथे लॉकडाऊन लागला, तेव्हा यामिनी छापलेलं प्रकरण आमच्या लेटरबॉक्समध्ये टाकायची, आणि मी व्यायामाच्या परवानगीच्या वेळात पेन्सिलीच्या खुणा केलेली पानं तिच्या लेटरबॉक्समध्ये ठेवून यायचो. लीना म्हणायची, "या वयात चिठ्ठ्या पोचवताय. लोक काय म्हणतील?"

प्रबंध चांगला होता. कठोरही होता. ओबामांनी आदर्श सांगितले आणि कारभार व्यवहाराने केला, हे तिने पुराव्यानिशी मांडलं होतं. तिथल्या संसदेने, काँग्रेसने, कैदी अमेरिकेच्या भूमीवर आणू दिले नाहीत, हे तिने मान्य केलं होतं. पण युद्धभूमीबाहेरचे ड्रोन हल्ले त्यांच्याच काळात कितीतरी वाढले. हल्ला कधी करायचा याचे नियम त्यांनी २०१३मध्ये लिहून काढले, पण ते लोकांना वाचायला मिळाले तीन वर्षांनी, कोर्टकचेरी झाल्यावर, मध्ये मध्ये काळ्या पट्ट्या मारून. शेवटच्या प्रकरणातलं शेवटचं वाक्य तिला फार आवडायचं: जो माणूस नियमाला अपवाद करतो, त्याचा नियमावर कधी विश्वासच नव्हता.

मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने लिहिलं, 'तळटीप नाही.' तिने उत्तर लिहिलं, 'हे माझं मत आहे, काका.'

विमानतळावर काम नव्हतं, म्हणून तिच्या कंपनीने तिला कोविड टेस्टिंग सेंटरवर गाड्यांची रांग सांभाळायला पाठवलं. लॉकडाऊनचा तिसरा आठवडा, बाहेर बोचरी थंडी, रांग मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. अंगात पिवळं जाकीट आणि खिशात एक छोटी काळी वही घालून ती तिथे उभी राहिली. नियम तोच, ज्याची गाडी आधी तो आधी.

सकाळी साडेनऊला तिचा फोन वाजला. पद्माकर.

"यामिनी, निळी गाडी दिसते का?"

"दिसते, काका. साठाव्या नंबरवर आहे."

"अगं, जरा बघ ना."

"बघितली. साठाव्या नंबरवर आहे."

"बरं," ते म्हणाले. "गणपतीला भेटूच. झूमवर."

दुपारी एकच्या सुमारास पुन्हा त्याच नंबरवरून फोन आला. आता त्यांची बायको चित्रलेखा बोलत होती, हळू आवाजात. "हे तुला सांगणार नाहीत. सकाळी इन्शुलिन घेऊन निघालेत. तासाभरात परत येऊ म्हणून बरोबर खायला काही घेतलं नाही. आता हात थरथरतायत."

यामिनी आपल्या डब्यातला ज्यूस घेऊन धावली. निळी गाडी तोपर्यंत तेविसाव्या नंबरवर आली होती. पद्माकर घामाने भिजले होते आणि तरीही म्हणाले, "मी रांगेतच थांबतो. तुझा नियम आहे ना."

"काका, आधी ज्यूस प्या. मग भांडू."

तिने त्यांची गाडी पुढे नेली, नर्सच्या ताब्यात दिली. मग वहीत लिहिलं: वेळ, गाडीचा नंबर, कारण, निर्णय कुणाचा. आणि मागे फिरून मध्ये राहिलेल्या बावीस गाड्यांच्या काचांपाशी एकेक करून गेली. "मी एक गाडी पुढे नेली. त्या गृहस्थांना डायबिटीस आहे. निर्णय माझा."

बहुतेक जण 'नो वरीज' म्हणाले. एका जुन्या यूटमधल्या, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीतल्या, म्हाताऱ्याने मात्र विचारलं, "ठीक आहे, पोरी. पण माझ्या बायकोला कधीची टॉयलेटला जायचंय. तिचं काय?"

तिचंही खरंच होतं. दुसरी नोंद झाली. मग एक गरोदर बाई. मग एक माणूस, ज्याची ड्यूटी हॉस्पिटलात सुरू होणार होती. शिफ्ट संपली तेव्हा वहीत अकरा नोंदी होत्या.

घरी येऊन तिने त्या वाचल्या आणि मला फोन केला. आवाजावरून वाटलं, काहीतरी हरवलंय.

"काका, अकरांपैकी सात मी कुणालाही समजावून सांगू शकते. चार नाही सांगू शकत."

"म्हणजे?"

"एक जण मोठ्याने बोलला म्हणून पुढे सोडला. एकीने मुलाला त्याच्या आजीने शिकवलेलं मराठी गाणं म्हणायला लावलं, म्हणून तिला. दोघांची कारणं मी लिहिलीयत, पण ती खरी नाहीत. मी दमले होते. सकाळी साठाव्या नंबरवाली मी, आणि दुपारी ही."

"वहीत लिहिलंस म्हणून तरी कळलं," मी म्हणालो. "आमच्या ऑफिसात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात, नियम मोडावा लागला तर मोड, पण कारण लिही आणि खाली सही कर. कारण नंतर ते कुणीतरी दुसरा वाचणार असतो."

तिने फोनवरच प्रबंधाची पानं उलटली. मग म्हणाली, "शेवटचं प्रकरण चुकलंय."

सादरीकरणाला नऊ दिवस उरले होते. तिची गाइड फियोना हिने तिला स्पष्ट सांगितलं, की आहे तो निष्कर्ष पास होण्यापुरता भक्कम आहे, आता त्याला हात लावू नकोस. नवं प्रकरण वेळेत झालं नाही तर आपल्यालाही काही करता येणार नाही, असंही ती म्हणाली. हृषिकेशही तेच म्हणाला. "एकदा सोडलंस, आता दुसऱ्यांदा सुटेल. आहे तसं दे ना. प्रॅक्टिकल हो."

"तेच तर बघतेय," यामिनी म्हणाली, "प्रॅक्टिकल कसं व्हायचं ते."

ते आवडतं वाक्य तिने खोडलं. दिवसा रांग, संध्याकाळी लिखाण. ऋतिका घरूनच शाळा करत होती. तिने आईच्या दारावर 'मम बिझी, आस्क डॅड' अशी पाटी लावली आणि हृषिकेश स्वयंपाक शिकला. आमच्या लेटरबॉक्समध्ये रोज चार-पाच पानं पडू लागली. पानांचे क्रमांक चुकलेले, एकावर हळदीचा डाग. मी ती लावून परत पोचवायचो. नवव्या दिवशी सकाळी शेवटची दोन आली.

सादरीकरण झूमवर होतं, कुणालाही ऐकायला येण्याची मुभा होती. पद्माकर टाय लावून बसले होते. यामिनी पंचवीस मिनिटं बोलली. तिचा नवा मुद्दा थोडक्यात असा होता, की व्यवहार करावा लागला म्हणून राज्यकर्त्याची तत्त्वं खोटी ठरत नाहीत. प्रश्न हा, की त्याने केलेले अपवाद बाहेरच्या कुणाला वेळेत वाचता आले का, आणि त्यातले चुकीचे खोडता आले का. ओबामांच्या बाजूने तिने लिहिलं होतं, की सुरुवातीला दोनशे चाळीसच्या आसपास असलेले कैदी ते गेले तेव्हा एक्केचाळीसवर आले होते. विरुद्ध बाजूला होती ती काळ्या पट्ट्या मारलेली नियमांची वही.

एका परीक्षकाने विचारलं, "तुमचा निष्कर्ष इतक्या शेवटी का बदलला?"

यामिनीने रांगेची गोष्ट सांगितली. चार नोंदींसकट. मराठी गाण्यासकट.

"पण गाड्यांची रांग आणि ड्रोन हल्ले, ही तुलना फार हलकी नाही का?"

"हलकी आहे. म्हणून ती प्रबंधात नाही," ती म्हणाली. "माझ्या चुकीने कुणाला पाऊण तास उशीर झाला. तिकडच्या चुकीने माणसं गेली. जिथे चूक इतकी महाग, तिथे वही माझ्यापेक्षा जास्त उघडी हवी होती. एवढंच म्हणणं आहे."

"म्हणजे ते ढोंगी होते, की नव्हते?"

"तसं लिहिलेलं एक वाक्य मला फार आवडत होतं. मी ते काढलं. त्याला तळटीप नव्हती."

मी कॅमेरा बंद ठेवला होता हे बरं झालं. तेवढ्यात पडद्यावर पद्माकरांच्या चौकोनाभोवती पिवळी रेघ आली. "एक्सक्यूज मी. दॅट डायबेटिक जंटलमन इज मी. अँड आय डिड नॉट आस्क." फियोना हसली, मग परीक्षक हसले, आणि चित्रलेखाचा हात येऊन तो चौकोन काळा झाला.

निकाल नोव्हेंबरात आला. पास, किरकोळ दुरुस्त्यांसह. दुरुस्त्या दोन होत्या, दोन्ही तळटीपांमधल्या तारखा. त्या दोन्ही तळटीपांवर माझी पेन्सिलीची बरोबरची खूण होती. यामिनीने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. लीनाने मात्र पेन्सिल फ्रेम करायची सुचवली.

डिसेंबरात क्वीन्सलँडची सीमा उघडली आणि आम्ही ब्रिस्बेनमार्गे टूवूंबाला, मुलाकडे, निघालो. शंतनू तिथल्या हॉस्पिटलात आहे. दीड वर्षात भेट नव्हती. विमानतळावर पुन्हा गर्दी होती, आणि टेबलापाशी यामिनी होती, मास्क लावून. रांगेत आमच्या मागे पद्माकर आणि चित्रलेखा. त्यांनाही ब्रिस्बेनला जायचं होतं.

यामिनीने एका शाळकरी मुलीची तपासणी संपवली, मान वर केली आणि कार्ड माझ्यासमोर धरलं.

"मास्टर झाल्यावर तरी सोडशील वाटलं होतं," मी म्हणालो.

"हात पुढे, काका."

तिची पट्टी माझ्या बॅगेवरून फिरत असताना पद्माकर यंत्रापलीकडून आले, बॅग उचलली, आणि सवयीने टेबलापाशी येऊन हात पसरून उभे राहिले.

"तुम्ही जा, काका," ती म्हणाली.

"मला नाही?"

"नाही. माझं यांचं चाललंय. तुम्ही मोकळे."

पद्माकरांनी हात खाली घेतले. चार पावलं गेले, थांबले, मागे वळले. "नक्की? उगाच ओळखीचा म्हणून सोडू नकोस हं. वहीत लिहावं लागेल."

"ओळखीचा म्हणून नाही. तुमचं टायमिंग सुधारलंय."

ते गेटपर्यंत गेले खरे, पण जरा हिरमुसल्यासारखे दिसत होते.