टोपल्याखालचं पीठ

आईला हॉटेलात जेवायला नेणं आपल्या बसची बात नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी त्या दुपारी मी तिला मोहाडीहून गाडीत घालून भंडाऱ्याला आणलंच. मला तिच्याशी भांडायचं होतं. मोहाडीच्या घरात तिच्याशी भांडता येत नाही, ती मधेच उठून भांडी घासायला लागते. हॉटेलात काय घासणार?

बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरून पडली. शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं, तोवर बाई तशीच ओल्यात पडून होती. माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. नवऱ्यानंही जाऊन हात जोडले. पण पालथ्या घड्यावर पाणी! तिचं एकच उत्तर, "तुझे बाबा घरातच हायेत. त्यायले सोडून मी कशी येऊ?"

हे खूळ तिच्या डोक्यात भरलं कसं, ते सांगते. बाबा कोशाचं रेशमी कापड विणायचे. एका दुपारी मागाजवळच्या खाटेवर झोपले ते उठलेच नाहीत. आमच्याकडे माणूस गेला की त्या जागेवर पीठ पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पाहायचं. पिठात पाऊल उमटलेलं दिसलं, पाखराचं असो की गुराचं की माणसाचं, म्हणजे जीव निघाला, कुठल्या तरी जन्माला लागला. बाबांच्या पिठात काहीच नव्हतं. सपाट पीठ. बाया एकमेकींची तोंडं पाहू लागल्या, आणि म्हातारी आत्या पुटपुटली, "निघालाच नाही म्हणजे." त्या आत्याला मी अजून माफ केलेलं नाही.

भंडाऱ्याला येताना गाडीत आई मागच्या सीटवर मधोमध ऐसपैस बसली होती. बाबा असताना डावीकडची जागा त्यांची. त्यांच्या धोतराचा सोगा दारात अडकायचा, दरवेळी. काळी-पिवळी जीपमध्ये अडकायचा, लग्नाच्या बसमध्ये अडकायचा, मी गाडी घेतली तर तिच्यातही अडकला. मग आई ओरडायची, "धोतर!" आणि मी पुन्हा दार उघडायची. आणखी एक त्यांची चीज म्हणजे उजवा अंगठा. मागाच्या पावड्या दाबून दाबून तो इतका बाहेर वळला होता, की चपलेत मावायचाच नाही. त्यांच्या उजव्या चपलेची बाजू कापलेली असायची. ती जोडी आईनं अजून उंबऱ्याशी ठेवली आहे.

इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्यावर मेसच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं आणि पोट्ट्यांच्या भाड्याच्या खोल्या. त्यातच एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर 'मेडिटेरेनियन रेस्टॉरंट अँड लाउंज' निघालं होतं.

"म्हणजे काय वं?" आईनं जिन्यातच विचारलं.

"समुद्राकाठचं जेवण."

"बाप्पा! भंडाऱ्यात कोनता समुद्र?"

कॉलेजला दिवाळीच्या सुट्ट्या होत्या, त्यामुळे आत चिटपाखरू नव्हतं. बाहेर रखरखीत ऊन आणि आत जाड पडद्यांमुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. बसायला जमिनीलगत गाद्या, टेकायला लोड. प्रत्येक बुटक्या टेबलावर पितळी दिवा. फक्त आमच्या टेबलावरचा पेटलेला होता. आम्ही येणार हे कुणाला माहीत होतं? मी वेटरला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, रोज एक लावून ठेवतो आम्ही." ठीक आहे, म्हटलं. पण मला ते आवडलं नाही.

सुरुवातीला आई मजेत होती. वाट्या आल्या तशी एकेकीत बोट बुडवून निकाल देत गेली. "हे चन्याचं पिठलं, शिजवाले विसरले. हे वांग्याचं भरीत, पण मिरचीचा पत्ता नाही. आन् हे भजे." मी हसले आणि संधी साधून विषय काढला. म्हटलं, आई, पुन्हा पडलीस तर? शेजारणीला त्या दिवशी विरजण लागलंच नाही तर? तू मेलीस हे मला कोण सांगणार? हे मी फार मोठ्यानं बोलले असणार. आई दिव्याकडे पाहत राहिली.

तेवढ्यात वेटरनं रोटी आणली. लाकडी पाट होता, आणि त्यावर टोपलं पालथं घातलेलं. पाट त्यानं दिव्याशेजारी ठेवला. आईचा हात माझ्या मनगटावर आला, थंडगार.

"गरम राहावी म्हणून झाकतो, आजी," म्हणत त्यानं टोपलं उचललं.

खाली दोन फुगलेल्या रोट्या होत्या आणि भोवती कोरडं पीठ भुरभुरलेलं होतं. पाटाच्या आईकडच्या कडेला, पिठात, एक पाऊल होतं. महालक्ष्म्यांच्या वेळी आपण मुठीनं काढतो तेवढंच लहान. टाच, चवडा, बोटं. मी लगेच स्वतःला समजावलं, आचाऱ्याची मूठ टेकली असेल, बोटं लागली असतील. दुसरं काय असणार? मग मी वाकून पाहिलं. उजवं पाऊल होतं. अंगठा बाकीच्या बोटांपासून दूर, बाहेर वळलेला.

मला भीती वाटली. कुणाची, तर स्वतःच्या बापाची! ज्याच्या खांद्यावर बसून मी मोहाडीचा बाजार पाहिला, त्याची. भीतीपेक्षा मला त्याची लाज जास्त वाटली.

वेटर सांडलेलं पीठ पुसायला फडकं घेऊन वाकला. आई म्हणाली, "राहू दे, बाबू." इतक्या मऊ आवाजात, की तो फडकं घेऊन मागे सरला. तिनं रोटीचा तुकडा मोडला, त्यावर ते बिनमिरचीचं भरीत ठेवलं आणि पावलाजवळ, पाटाच्या कडेला मांडला. मग स्वतः जेवायला लागली. सगळं जेवली.

"मी येतो तुह्या घरी," ती हात पुसत म्हणाली.

"कधी?"

"आजच. कपडे उद्या आनू. तिथं आता कोन हाये?"

माझी वर्षादीड वर्षाची कटकट संपली होती. मी जिंकले होते, आनंदानं उडी मारायला हवी होती. पण ती "तिथं कोण आहे" म्हणाली, आणि इथं कोण आहे हे विचारायची माझी छाती झाली नाही. आई पाटाच्या त्या कडेकडे पाहून बाबांशी बोलायची त्याच सुरात म्हणाली, "एवढे दिवस मले घरात बसवलं, आन् पोरीनं बोलावलं तर निघाले लगेच."

खाली रस्त्यावर ऊन तसंच होतं. झेरॉक्सवाला दुकानाच्या सावलीत पेंगत होता. मी गाडीचं मागचं डावं दार उघडलं. येताना मधोमध बसलेली आई सरकत सरकत पार पलीकडच्या काचेला जाऊन टेकली आणि पदर आवरून घेतला. मी दार धरून उभी राहिले.

"हं, लाव आता," आई म्हणाली.

मी आधी वाकले. खाली काही लोंबत नाही ना ते नीट पाहिलं, आणि मग हळूच दार लावलं.